वस्तीतले चित्रगृह

गावातली विहीर कोणाची, असे विचारले तर सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक नाव सापडते. पण विहीर जिवंत राहते ती रोज पाणी भरणाऱ्यांमुळे. चार वर्षे कोणी पोहरा सोडला नाही, तर चांगल्या पाण्याच्या विहिरीतही झाडोरा माजतो. शहरातल्या वस्तीत जे जुने सिनेमाचे थिएटर असते, त्याचेही असेच आहे. श्रोतेहो, आज आपण मुंबईतील गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतल्या चित्रगृहांची माहिती घेऊ. ही चित्रगृहे चालतात कशी, बंद का पडतात, आणि जिथे थिएटरच नाही अशा गावांनी व शाळांनी त्यांच्यापासून काय घ्यावे, एवढ्या तीन गोष्टी मला सांगायच्या आहेत.

आधी थोडा इतिहास. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. त्या काळचा रुपया तो! सामान्य माणूस तिकडे फिरकणे शक्यच नव्हते. पण थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले आणि तिथे चार आण्यांचेही तिकीट ठेवले गेले. सिनेमा हा सर्वांचा झाला तो अशा स्वस्त तिकिटामुळे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे दादासाहेब फाळक्यांनी दादरला बिऱ्हाड व स्टुडिओ थाटून ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला आणि ३ मे १९१३ पासून तो गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांनी पाहिला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट लागला, तोही गिरगावातच, मॅजेस्टिकमध्ये. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. आज ना कॉरोनेशन उरले, ना मॅजेस्टिक. म्हणजे नुसता इतिहास पाठीशी असून चित्रगृह वाचत नाही.

मग ते कशावर चालते? त्याचा हिशेब समजायला सोपा आहे. चित्रपट बनवतो निर्माता. तो गावोगाव पोचवतो वितरक. दाखवतो थिएटरवाला. तिकिटाचे पैसे जमले की सरकारचा कर जातो, आणि उरलेल्याची वाटणी वितरक व थिएटरवाला यांच्यात होते. कुठे टक्केवारी ठरलेली असते, कुठे थिएटरवाला ठोक भाडे घेतो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी वीज, नोकरांचा पगार आणि जागेचे भाडे काही चुकत नाही. त्यामुळे ज्या चित्राला गर्दी होईल असे वाटते त्याच्याकडे थिएटरवाल्याचा ओढा असतो. यात त्याचा दोष नाही. पण लहान चित्रपटाची कोंडी होते ती इथेच.

पूर्वी आणखी एक अडचण होती. सिनेमाची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागते, आणि तिची प्रत काढणे खर्चाचे काम. मराठी निर्माता मोजक्याच प्रती काढी. त्या आज या गावात, तर पुढच्या आठवड्यात त्या गावात, अशा फिरत. दहा-बारा वर्षांपूर्वी फिल्मची रिळे गेली, संगणकीय पद्धत आली, आणि प्रतींचा प्रश्न मिटला. मात्र पडद्याचा प्रश्न राहिलाच. चित्र पोचते, पण त्याला सोयीची वेळ कोण देणार?

१९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’वर हाच प्रसंग आला. थिएटर मिळण्यात अडथळे आले, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि दादरच्या कोहिनूर चित्रगृहात तो लागला. पुढे त्याने रौप्यमहोत्सव केला. प्रेक्षक होताच, त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी बंद होती.

आता लालबाग-परळकडे वळू. हा गिरणगावचा भाग. कोकण, सातारा, कोल्हापूर इकडची माणसे इथे साचा चालवायला आली. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, तेव्हा कोणत्याही वेळी कोणीतरी मोकळा असे. एका खोलीत दहा-दहा माणसे राहणार. मग सुटीच्या तीन तासांना थिएटरची खुर्ची हीच विसाव्याची जागा. याच वस्तीत डॉ. आंबेडकर रस्त्यावर भारतमाता चित्रगृह आहे. इंडिया युनायटेड मिलच्या जागेत उभे असलेले हे थिएटर मराठी चित्रपटांचे हक्काचे घर म्हणून नावाजले. इतरत्र मराठी चित्राला सकाळची अडनिडी वेळ मिळे, तेव्हा इथे ते संध्याकाळी, मानाने लागे. तिकीटही मल्टिप्लेक्सच्या मानाने पुष्कळ कमी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. भारतमाताची जागा ज्या गिरणीची, ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली. भाडेपट्ट्याचा वाद उभा राहिला, जागा खाली करा असा तगादा लागला. त्या वेळी मराठी कलावंत आणि आसपासचे रहिवासी थिएटरच्या बाजूने रस्त्यावर उतरले. बघा, कागदावर त्यांचा त्या जागेवर काही हक्क नव्हता. पण वर्षानुवर्षे त्यांनी तिथे पाणी भरले होते! ज्या चित्रगृहाने वस्तीची आवड आणि वस्तीचा खिसा दोन्ही सांभाळले, त्याच्यासाठी वस्ती उभी राहिली.

सगळ्यांच्याच वाट्याला हे येत नाही. दादर पूर्वेचे चित्रा हे जुने चित्रगृह मे २०१९ मध्ये बंद झाले. दादरच्याच प्लाझाने वेगळा घाव सोसला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत तिथेही स्फोट होऊन माणसे दगावली. पुढे काही वर्षांनी दुरुस्ती झाली आणि पडदा पुन्हा उजळला.

जगण्याची तिसरीही एक तऱ्हा आहे. लोअर परळची दीपक टॉकीज १९२६ सालची. २०१४ मध्ये तिची डागडुजी झाली, नवे प्रक्षेपणयंत्र आले, आणि एका फिल्म सोसायटीच्या साहाय्याने तिथे जगातील नामवंत दिग्दर्शकांचे चित्रपट माफक दरात दाखवले जाऊ लागले. फिल्म सोसायटी म्हणजे काय? चांगले चित्रपट मिळून पाहणाऱ्यांचे सभासद-मंडळ. वर्गणी भरायची, चित्रपट बघायचा आणि मग त्यावर बोलायचे. कलकत्त्यात १९४७ साली अशी सोसायटी निघाली. १९५९ मध्ये देशातील सोसायट्यांचा महासंघ झाला आणि सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि मराठी प्रेक्षकाला देशोदेशींचे चित्रपट बघण्याची सवय त्याने लावली. थिएटरवाल्याला अशा मंडळाचा फायदा असा, की रिकाम्या वेळी ठराविक माणसे हमखास येतात. मंडळाचा फायदा असा, की त्याला मोठा पडदा मिळतो. दोघांची गरज एकमेकांत बसते, म्हणून ती भागीदारी टिकते. शाळेने सकाळचा अख्खा खेळ ठरवणे, गणेशोत्सव मंडळाने मदतनिधीसाठी एक खेळ घेणे, हीही त्याच जातीची भागीदारी होय.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी विचारावे, की मुंबईच्या या गोष्टी आमच्या काय उपयोगाच्या? आमच्याकडे जत्रेत तंबूचा सिनेमा येई, तोही आता दुर्मीळ. घरोघरी मोबाइल आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात चित्र बघतो आहे. पण एकट्याने पाहणे आणि चारशे माणसांबरोबर पाहणे यांत फरक आहे. शेजारचा हसला की आपणही हसतो. शेजारच्याचे डोळे भरले की आपल्याला कळते, हे दुःख केवळ आपलेच नाही. हा अनुभव शाळा देऊ शकते. एक पांढरी भिंत, एक प्रक्षेपक आणि बरासा ध्वनिवर्धक एवढे साहित्य पुरे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. चित्रपट आधी स्वतः संपूर्ण पाहावा. त्याला सर्वांसाठीचे, म्हणजे ‘यू’ प्रमाणपत्र आहे ना, ते बघावे. कायद्याचेही ध्यान असावे: शाळेच्या उपक्रमात केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित माणसांपुढे चित्रपट दाखवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मुभा आहे, पण साऱ्या गावासाठी खेळ लावायचा तर हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते. खेळाआधी पाच-दहा मिनिटे ओळख करून द्यावी. संपल्यावर मुलांना ‘तात्पर्य काय’ असे विचारू नये. ‘कोणता प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही?’ असे विचारावे. मुले बोलू लागतात.

आरंभाला आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ घ्यावा. १९५३ सालच्या या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते. त्यानंतर ‘श्वास’ घ्यावा. नातवाची दृष्टी जाणार हे कळलेल्या आजोबांची ही कथा २००४ साली साऱ्या देशात गाजली. आणि फाळक्यांनी पहिला चित्रपट कसा काढला हे मुलांना दाखवायचे तर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आहेच. वर्षाला असे चार खेळ झाले, तरी दहावी होईपर्यंत मुलाच्या गाठीला वीसेक चांगले चित्रपट जमतील.

आणि शहरात कधी जाल तेव्हा एखाद्या वस्तीतल्या जुन्या थिएटरात मराठी चित्र लागलेले दिसले, तर तिकीट काढून आत जा. चित्रगृह वाचवायचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.