तपासणीची गाडी निघून गेल्यावर

कळव्यातल्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत मुलाला आकडी आली, तर त्याच्यापाशी सगळ्यांत आधी पोचतात त्या वर्गाच्या बाई, नाहीतर शाळेतल्या मावशी. ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यातच आहे, त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून राज्यभर धावते आहे. तरीही पहिली पाच मिनिटं यांतल्या कुणाच्याच हातात नसतात. ती बाईंच्या आणि मावशींच्या हातात असतात, आणि त्या दोघींना आधी काय शिकवलं गेलंय यावर पुढचं बरंच काही ठरतं.

काही खासगी शाळांत ‘सिक रूम’ असते, तिथे नेमलेली नर्स असते. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत असं पद सहसा नसतं. तिथे नर्सचं काम वाटलं गेलेलं असतं: थोडं तपासणी पथकातल्या सिस्टरकडे, थोडं आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडे आणि राहिलेलं सगळं शिक्षकांकडे.

शाळेत नर्स हवी, ही गरज मुळात अपघातांतून पुढे आली नव्हती. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये डोळे आलेली, खरूज-नायटा झालेली, उवा पडलेली मुलं डॉक्टर शाळेतून घरी पाठवत. घरी औषधपाणी होत नसे आणि मूल दिवसच्या दिवस गल्लीत हिंडत राही. परिचारिका लिलियन वाल्ड यांनी आपल्या संस्थेतल्या लिना रॉजर्स या नर्सला प्रयोग म्हणून चार शाळांवर पाठवलं. रॉजर्स शाळेतच जखमा धुऊन मलम लावत आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला तेच करून दाखवत. वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली. मला या हकिगतीत महत्त्वाचं वाटतं ते संध्याकाळचं घरी जाणं. मलम शाळेतला शिपाईही लावू शकला असता.

आपल्याकडे पहिलं पाऊल पडलं बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०९मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ही अशी पहिलीच तपासणी मानली जाते. पुढे १९४६च्या आरोग्यविषयक भोर समितीला देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नसल्यातच जमा दिसली.

आजच्या व्यवस्थेचा धागा मात्र थेट आपल्या जिल्ह्यात येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमाच्या पथकात आयुषचे दोन डॉक्टर, एक पुरुष आणि एक स्त्री, शिवाय एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतो. तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब अशा चार गटांत मिळून तीस दोष आणि आजार शोधायचे. वजनकाटा, उंचीची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता. सिस्टरच्या हाताखालून वर्गच्या वर्ग जातात आणि फळ्यावरचं न दिसणारं मूल, जे वर्गात ‘लक्ष नसलेलं’ ठरलेलं असतं, ते तिथे सापडतं.

या यादीत दमा आहे, आकडी आहे, संधिवाती तापाने बिघडणाऱ्या हृदयाच्या झडपा आहेत. म्हणजे शाळेत उद्या ज्यामुळे धावाधाव होईल त्यातलं बरंच काही आज तपासणीत सापडू शकतं. झडपांचं दुखणं बघा. सुरुवात साध्या घसादुखीने होते, मग सांधे सुजतात, मग हृदय. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. दोन-तीन चुकली की ताप उलटतो आणि झडप आणखी बिघडते. हे इंजेक्शन चुकलं, हे कळणार कुणाला? वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला नाही.

इथेच खरी अडचण आहे. पथकाची गाडी निघून जाते आणि ‘पुढील तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे’ ही चिठ्ठी दप्तरात राहते. पारसिकच्या उतारावरच्या वस्तीत राहणाऱ्या आईला रुग्णालय जवळ आहे, पण केस पेपरच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. तिला निष्काळजी म्हणणं फार सोपं आहे. तिला सोमवारी कुठल्या ओपीडीत, किती वाजता जायचं हे सांगणारं आणि मंगळवारी ‘गेला होतात का’ विचारणारं माणूस हवं. लिना रॉजर्सची ती संध्याकाळची फेरी म्हणजे हेच.

लोहाच्या गोळीचंही तसंच. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी शाळेत मिळते, त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती जेवणानंतर घ्यायची, शौचाला काळं होतं, थोडं मळमळू शकतं, हे आधी सांगितलं नाही तर एक मुलगी ओकते आणि बघता बघता अख्खा वर्ग पोट धरून बसतो. मग पालक फाटकावर जमतात आणि पुढचे कित्येक आठवडे गोळ्या खोक्यातच राहतात. आधी बोलणं हेच इथे औषधाचं निम्मं काम करतं. पाळी सुरू झालेल्या मुलींशी तर बोलायला बाईमाणूसच लागतं, आणि सरांच्या टेबलाशी कुणी पॅड मागायला जात नाही.

तातडीच्या प्रसंगी काय करायचं यापेक्षा काय करू नये, हे शिकवायला जास्त वेळ लागतो. आकडी आली की कुणीतरी कांदा आणतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. यातलं काहीही करायचं नाही. आजूबाजूची बाकं सरकवायची, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच १०८. घोळणा फुटला की मान मागे टाकायची सवय आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. खरं तर मान किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. पडून पक्का दात निघाला तर तो मुळाकडून न धरता दुधात टाकायचा आणि तासाभरात दंतवैद्य गाठायचा. कुत्रा चावला तर हळद-चुना न लावता साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग लस.

इन्सुलिनवर असलेलं मूल घामाघूम होऊन बाकावर मान टाकतं, तेव्हा बघणाऱ्याला ते झोपाळलंय असं वाटतं. त्याला त्या क्षणी साखर हवी असते, आणि शुद्ध गेली असेल तर तोंडात काहीच घालायचं नसतं. ही माहिती ऐन वेळी शोधून सापडत नाही.

कळव्यात पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. १९ जुलै २०२१ला घोलाई नगरात दरड कोसळून एकाच घरातली पाच माणसं गेली. मोठा पाऊस झाला की रेल्वे थांबते, खाडीपलीकडे कामाला गेलेले आईवडील तिकडेच अडकतात आणि मुलं रात्रीपर्यंत शाळेत राहू शकतात. अशा दिवशी दम्याच्या मुलाचा पंप, इन्सुलिनच्या मुलाचा डबा आणि औषध, आकडीच्या मुलाची संध्याकाळची गोळी कुठे आहे? जूनमध्येच पालकांकडून एक जादा पंप आणि एक दिवसाचं औषध नावासकट घेऊन ठेवलं, तर हा प्रश्न उरत नाही.

प्रत्येक शाळेत नर्स नेमणं पैशाअभावी लांबत असेल, तर जवळजवळच्या तीन-चार शाळांना मिळून एक सिस्टर द्यावी, असं मला ठामपणे वाटतं. तिने आठवड्यातला ठरलेला वार प्रत्येक शाळेला द्यावा. तपासणीतल्या चिठ्ठ्यांचा पाठपुरावा तिच्याकडे, घरभेटी तिच्याकडे, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात शिक्षक, शिपाई, मावशी आणि रिक्षावाले काका यांचा सरावही तिच्याकडे. सरावात कामं नावानिशी वाटावीत: मुलापाशी कोण बसणार, इतर मुलांना वर्गात कोण नेणार, वेळ कोण लिहिणार, पालकांना फोन कोण करणार. आणि फाटकाबाहेर रस्त्यावर कोण उभं राहणार, तेही ठरलेलं असावं, कारण कळव्याच्या गल्ल्यांमध्ये शाळेचा बोर्ड रुग्णवाहिकेला मुख्य रस्त्यावरून दिसेलच असं नाही.