घेणाऱ्याच्या गळ्यात कोणते नाणे बांधायचे?



जव्हार आणि मोखाडा हे काही उसाचे तालुके नव्हेत. नागली, वरई आणि भात ही तिथली पिके. भात झोडून झाला, दिवाळी सरली, की पाड्यापाड्यांवरची कातकरी, वारली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन येतो, तशीच ही माणसेही उचल घेऊन जातात. म्हणूनच एका नव्या प्रश्नासाठी आम्ही मुद्दाम या दोन तालुक्यांकडे पाहत आहोत.

प्रश्न असा : बिटकॉईनसारखे आभासी चलन प्रत्येक दुकानदाराने घेतलेच पाहिजे, असा कायदा सरकारने करावा काय?

हे शहरी लोकांचे खूळ आहे, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशाने तसा कायदा खरोखरच केला. ७ सप्टेंबर २०२१ पासून तो अमलात आला. त्याच्या सातव्या कलमात व्यापाऱ्यावर सक्ती होती. ज्यांच्याकडे साधनच नाही, त्यांना तेवढी सूट होती. नाव नोंदवणाऱ्याला सरकारने ३० डॉलरचे बिटकॉईन फुकट दिले. पुष्कळांनी ते खर्चून टाकले आणि पुन्हा डॉलरचाच व्यवहार धरला. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यायची वेळ आली, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ही सक्ती काढून टाकली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने २०२२ मध्ये असाच कायदा केला आणि २०२३ मध्ये मागे घेतला.

असे का झाले? हिशेब साधा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉईनचा भाव ६९ हजार डॉलरच्या घरात होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. समजा, आपल्या उसाचे एक लाखाचे बिल कुणी त्या पहिल्या नोव्हेंबरात बिटकॉईनमध्ये दिले असते, तर दुसऱ्या नोव्हेंबरात हाती जेमतेम पाव हिस्सा उरला असता. सोसायटीचे कर्ज मात्र तेवढेच राहिले असते, वर व्याज. भाव चढला असता तर फायदाही झाला असता, हे खरे. पण मग तो सट्टा झाला, उसाचे बिल नव्हे.

या चलनाच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. परमुलखात राबणाऱ्या माणसाला दलालाविना घरी पैसे पाठवता येतील, बँकेत खाते नसले तरी चालेल, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. अडचण खरी आहे. पण मोखाड्यातल्या ज्या पाड्यावर मोबाईलला रेंज मिळत नाही, तिथल्या बाईच्या हाती हे चलन पडून काय उपयोग? आठवड्याच्या बाजारात मीठ-मिरची विकणाऱ्याने तरी ते कशाच्या भरवशावर घ्यावे? ज्याला घेतलेला माल उद्या पुन्हा भरायचा आहे, त्याच्यावरच सक्तीचा बोजा पडतो.

मजुरी कशात द्यायची, हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांत द्यायचे बंधन घातले होते. पुढे धनादेश आणि बँक खाते त्यात आले. मजुरी म्हणून धान्य नाहीतर दुकानाची चिठ्ठी मजुराच्या गळ्यात मारता येऊ नये, हा त्यातला गुण. २०२० मध्ये राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांना ४ हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले. त्यातले २ हजार खात्यात आणि २ हजारांच्या वस्तू. वस्तू काय द्यायच्या ते सरकारने ठरवले. रोख कशावर खर्चायची ते घरच्या बाईने. पैशाची किंमत ही अशी असते.

सरकारी शिक्क्यालाही मर्यादा आहेत, हे आपण सोसले आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बाद झाल्या. लगेच १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. शेतकऱ्याची बँकच बाजूला पडली. उलट दहाचे नाणे चालू असूनही कित्येक दुकानदार ते घेईनात; ते वैध आहे, हे रिझर्व्ह बँकेला २०१६ आणि २०१८ मध्ये पुन्हा सांगावे लागले. म्हणजे कायदा हवाच, पण विश्वासाशिवाय तोही लंगडा.

आपल्याकडे आज आभासी चलन कायदेशीर चलन नाही, पण त्यावर बंदीही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून प्रयोगादाखल लोकांसाठी आणलेला डिजिटल रुपया वेगळा. तो रुपयाच आहे, त्याचा भाव चढत-उतरत नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला हौस आहे त्याने स्वतःच्या जोखमीवर हे चलन घ्यावे, पण दुकानदारावर, शेतकऱ्यावर वा मजुरावर सक्ती नको. सक्ती करायचीच तर रोख रुपया कुणी नाकारू नये, याची करावी. आणि सभासदांनो, वर्षात दामदुप्पट देतो म्हणून कुणी बिटकॉईनची योजना घेऊन दारी आला, तर उसाच्या बिलाला हात लावण्याआधी त्याला एकच विचारा : बाबा रे, याच पैशात तू आमच्या तोडकऱ्याची मजुरी भागवशील का?