पाळीव उंदरांचं म्हातारपण : ‘वय झालं’ म्हणण्याआधी

विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी फोन करून विचारलं, “सर, तत्त्वज्ञान सोडून एकदम उंदीर?” तर सांगतो. आमच्या नातीने दोन उंदीर पाळले होते, एका वेतातल्या दोन बहिणी. नात शिकायला परगावी गेली आणि पिंजरा माझ्या खोलीत आला. त्यातल्या एकीच्या बाबतीत माझी चूक झाली. आजचं बोलणं त्या चुकीमुळे आहे. मी पशुवैद्य नाही, हे आधीच कबूल करतो.

पाळीव उंदराचं आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचं. पाच-सहा आठवड्यांत तो वयात येतो आणि दोन वर्षांचा झाला की म्हातारा. आता थोडा हिशेब करू. अडीच वर्षं म्हणजे सुमारे १३० आठवडे. माणसाची पंचाहत्तर वर्षं १३० भागांत वाटली, तर एकेक भाग जवळपास सात महिन्यांचा होतो. म्हणजे “बघू पुढच्या आठवड्यात” असं आपण म्हणतो, तेव्हा त्या जिवाचे सात महिने पुढे ढकलत असतो. हे मला फार उशिरा सुचलं.

वयाची म्हणून जी लक्षणं असतात, ती हळूहळू येतात. झोप वाढते. केस विरळ आणि राठ होतात. अंग चाटून स्वच्छ ठेवणं कमी होतं. पाठीचा कणा हाताला लागू लागतो. नखं झिजत नाहीत, म्हणून वाढतात. मागचे पाय अशक्त होतात, विशेषतः नरांमध्ये; आधी उडी चुकते, मग पाय ओढत चालणं सुरू होतं.

आमच्या थोरलीचं (दोघी एकाच दिवशीच्या, पण अंगाने मोठी म्हणून थोरली) चालणं मंदावलं. ती अंग फुगवून कोपऱ्यात बसायची आणि श्वास घेताना बारीक घरघर यायची. मी म्हटलं, वय झालं. असे दहा दिवस गेले. पशुवैद्यांनी तपासलं तेव्हा फुप्फुसांत संसर्ग निघाला. उंदरांमध्ये मायकोप्लाझ्मा नावाचे जीवाणू फार आढळतात; ते दबून राहतात आणि उतारवयात डोकं वर काढतात. औषधाने ते समूळ जात नाहीत, पण त्रास कमी होतो. तिलाही आराम पडला, तीन आठवडे. आधीचे दहा दिवस मात्र माझ्या खात्यावर आहेत.

मी चाळीस वर्षं न्यायशास्त्र शिकवलं! ज्या ठिकाणी साध्य आहे तिथेही आणि जिथे नाही तिथेही जो हेतू सापडतो, त्याला आपण सव्यभिचार म्हणतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेजारीच तिची बहीण बसलेली होती. वय तेच, पिंजरा तोच, आणि श्वास स्वच्छ. मग घरघरीचं कारण वय कसं? उत्तर डोळ्यांसमोर होतं, मी पाहिलं नाही.

म्हणून पुढच्या गोष्टी वयाच्या नावावर टाकू नका. श्वासाचा आवाज, किंवा श्वासाबरोबर कुशी आत-बाहेर होणं. डोळ्यां-नाकाभोवती सतत लाल स्राव. ते रक्त नसतं, पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, पण आजार किंवा ताण असला की वाढतं. मान एका बाजूला कलणं. पुढच्या पंजांत घास धरता न येणं. झपाट्याने वजन उतरणं. आणि गाठ. माद्यांना स्तनग्रंथींच्या गाठी वारंवार होतात आणि त्या काखेत, कुशीतही येऊ शकतात. बऱ्याचशा कर्करोगाच्या नसतात, पण भराभर वाढतात. लहान असतानाच दाखवलेलं बरं. तोंड उघडं टाकून श्वास चालला असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

दुसरीच्या वेळी मी शहाणा झालो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन, आणि वहीत नोंद. पिंजऱ्यातले वरचे मजले काढले, खाली मऊ कापड अंथरलं, पाण्याची बाटली खाली आणली. मऊ भात आणि उकडलेलं अंडं, दोन्ही बिनमिठाचं. अंग कोमट ओल्या कापडाने पुसायचो. मागचे पाय गेले तरी ती दोन महिने मजेत खात होती. मग एका रविवारी तिने अंडं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पाणीही घेईना. पशुवैद्य म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिला शांतपणे जाऊ द्यायचं आम्ही ठरवलं. नातीला फोन लावला आणि फोन पिंजऱ्याजवळ धरला.

तेव्हाही मी “वय झालं” असंच म्हणालो. पण या वेळी तपासून म्हणालो होतो. एवढाच फरक सांगायला आज आलो. प्रश्न असतील तर विचारा.