काचेचा जोड

संपादकांनी मला उत्प्रेरकांवर लिहायला पाठवलं होतं. विषय पुण्याला परका नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी झालं आणि तिथल्या संशोधनातून आलेला एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये वापरात आला. मी गेले होते ती संस्था वेगळी. पहिल्या सकाळी तिथल्या माहितीपुस्तिका चाळल्या, दोन प्रयोगशाळा पाहिल्या, वही बऱ्यापैकी भरली. दुपारी एक विद्यार्थिनी हातात तुटलेली नळी घेऊन घाईघाईने जिना उतरताना दिसली. मी तिच्यामागे गेले आणि उरलेला दीड दिवस तळमजल्यावरच्या काचकाम विभागात बसून राहिले.

खोलीत दोन टेबलं. एकावर बर्नर सुरू, दुसऱ्यावर पुठ्ठ्याची खोकी. बर्नरपुढे बसलेल्या कारागिरांना सगळी संस्था काका म्हणते. बत्तीस वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, तडा बोटाच्या नखाने चाचपला आणि म्हणाले, "जोडावर गेलीय. गरम असताना क्लॅम्प आवळलात ना?" मुलीने मान खाली घातली. "होतं असं. उद्या दुपारी या."

ही नळी कशाची, ते सांगायला हवं. अशा नळीत मधोमध उत्प्रेरकाची चिमूटभर भुकटी बसवतात, बाहेरून भट्टी लावतात आणि एका टोकाने वायू किंवा वाफ सोडतात. झिओलाइटची छिद्रं जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची. काम करता करता त्यांत कार्बनचा थर साचतो, मग तो हवेच्या झोतात साडेपाचशे अंशांच्या आसपास जाळून काढावा लागतो. एवढ्या उष्णतेला प्रयोगशाळेतली नेहमीची बोरोसिलिकेट काच भरवशाची राहत नाही. पोलादाची नळी टिकेल, पण तापलेल्या पोलादातलं लोखंड आणि निकेल स्वतःच अभिक्रियेत हात घालतात. मग जे घडलं ते भुकटीमुळे की नळीमुळे, हे कळायचं कसं? म्हणून क्वार्ट्झ.

अडचण पुढे आहे. नळीची दोन्ही टोकं बाकीच्या उपकरणाला जोडायची तर तिथे घासून बसवलेले बी-24 मापाचे जॉइंट लागतात आणि ते बोरोसिलिकेटचे असतात. तापल्यावर बोरोसिलिकेट क्वार्ट्झच्या सहापट फुगते. दोन्ही एकमेकींना थेट चिकटवल्या तर चिकटतात, छानही दिसतात, आणि गार होताना टिचतात. यावरचा उपाय म्हणजे मधल्या काचांची मालिका. क्वार्ट्झपेक्षा किंचित जास्त फुगणारी एक, तिच्याहून थोडी जास्त फुगणारी दुसरी, असं करत तीन-चार कड्यांनंतर बोरोसिलिकेट. असे जोड विकतही मिळतात, पण या नळीचा व्यास त्यांत बसत नव्हता.

काकांनी आपला चष्मा काढून मला दिला. तोवर मला ज्योतीत फक्त पिवळा भडका दिसत होता, कारण तापलेल्या काचेतलं सोडियम त्या रंगाने पेटतं. चष्म्याची डिडिमियम काच नेमका तेवढाच पिवळा गाळते. चष्मा लावला आणि भडका नाहीसा झाला. काच दिसली. मऊ, कडेला जरा लोंबू पाहणारी, मधासारखी. बत्तीस वर्षं हा माणूस जे बघत आला ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि काही क्षण वहीचं भान राहिलं नाही.

त्यांच्या दोन्ही हातांत दोन तुकडे होते आणि दोन्ही एकाच गतीने फिरत होते. सगळी विद्या इथे आहे. मऊ झालेल्या काचेने दोन हात जोडलेले असतात, पण ती जोर सोसू शकत नाही. एक हात केसभर पुढे गेला की जोड पिळवटतो. दातांत धरलेल्या रबरी नळीतून ते मधूनच अगदी हलकी फुंकर घालत. भिंत आत बसू लागली की फुंकर, फुगू लागली की थांबायचं. क्वार्ट्झच्या बाजूला ज्योत हायड्रोजन-ऑक्सिजनची, बोरोसिलिकेटकडे जाताना गॅस-ऑक्सिजनची. चार कड्या लावायला दीड तास गेला. त्या वेळात ते एक शब्द बोलले नाहीत.

मग जोड पोलॅरिस्कोपखाली धरला. आडव्या ध्रुवित उजेडात काचेतला ताण रंगांनी दिसतो. एका कडीशी निळसर-केशरी पट्टी होती. मला ती सुंदर वाटली. काकांनी ती कडी कापून पुन्हा लावली. मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली तेव्हा नळी रात्रभर भट्टीत सावकाश गार होऊन तयार होती.

हे ज्ञान एके काळी रसायनशास्त्रज्ञांच्या स्वतःच्या हातात होतं. युस्टुस लीबिगने 1831 मध्ये कार्बन मोजण्यासाठी पाच फुग्यांची त्रिकोणी नळी बनवली आणि सेंद्रिय रसायनाला मोजमाप मिळालं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ती नळी आजही आहे. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैशा-पैशाच्या वर्गणीतून उभारलेल्या पैसा फंडाने तळेगावात 1908 साली काचेचा कारखाना काढला, पाठीशी लोकमान्य होते. जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे सूत्रधार. तिथे शिकलेले कारागीर देशभर गेले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर महाराष्ट्राच्या घराघरांत होता. काच ही या प्रांताने वर्गणी काढून शिकलेली कला आहे.

म्हणूनच दुसऱ्या टेबलावरची खोकी मला सलतात. तिथे बसणारे सहकारी सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. साधे फ्लास्क, कंडेन्सर कॅटलॉगमधून येतात, मग कारागीर कशाला, असा हिशोब मांडला जातो. पण कॅटलॉगात असतं ते काल लागलेलं सामान. उद्याच्या प्रयोगाला लागणारी नळी अजून कुणी बनवलेली नसते. संशोधक कागदावर एक वेडंवाकडं चित्र काढून आणतो आणि समोर बसलेला माणूस म्हणतो, हे वळण जमणार नाही, बाजूची नळी इथून काढू या. ही दहा मिनिटांची चर्चा निविदेत बसत नाही. बाहेरून करून घ्यायचं तर चित्र, दरपत्रक, मंजुरी यांत महिने जातात. संशोधकाची पाठ्यवृत्ती मात्र त्यासाठी थांबत नाही.

शिकायला किती काळ लागतो, असं मी विचारलं. "सरळ जोड सहा महिन्यांत येतो," काका म्हणाले. "नळीच्या आत नळी बसवायला दोन वर्षं. हा जोड करायला मला सात लागली. शेजारी बसून बघितलं म्हणून आला." शेजारी बसायला आता कुणी नाही. मध्यंतरी आयटीआयचा एक मुलगा उमेदवारीवर आला होता, हात चांगला होता. वर्षाची मुदत संपली, पुढची नेमणूक झाली नाही. तो आता मोबाइल दुरुस्ती करतो.

प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. ही जागा कारागीर निवृत्त झाल्यावर भरायची नसते. ती पाच-सात वर्षं आधी भरायला हवी, दोघांचे पगार एकाच वेळी द्यायला हवेत आणि हा खर्च संशोधनाचा म्हणून लिहायला हवा. काकांच्या नोकरीचे चौदा महिने उरले आहेत. तेवढ्यात एक मुलगा सरळ जोड तरी शिकेल. दुसऱ्या टेबलावरची खोकी आज उचला.