कंपन्यांचे विलीनीकरण आणि प्रोसेसरचे भवितव्य

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्युटरवर उभारला. पुढील ‘परम ९०००’ची रचना मात्र अशी केली की, तीत स्पार्क वा अल्फा यांपैकी कोणताही प्रोसेसर योजिता यावा. या लवचीकपणाचे मोल अल्फाच्या इतिहासावरून ध्यानी येते.

१९९८ मध्ये डिजिटल कंपनीबरोबर अल्फा कॉम्पॅककडे गेला. जून २००१ मध्ये कॉम्पॅकने त्याऐवजी इंटेलचा इटेनियम पत्करण्याचे ठरविले. सप्टेंबरात ह्युलेट-पॅकार्डने कॉम्पॅकच विकत घेण्याचे जाहीर केले. अल्प नफ्याच्या वैयक्तिक संगणकांचा भार वाढेल आणि किफायतशीर मुद्रकव्यवसायातील भागधारकांचा वाटा घटेल, असा संस्थापकपुत्र वॉल्टर ह्युलेट यांचा आक्षेप होता. तथापि मार्च २००२ मध्ये निसटत्या बहुमताने विलीनीकरण संमत झाले.

भागधारकांचा वाद मूल्याचा होता. सर्व्हर वापरणाऱ्यांचा प्रश्न निराळा होता. प्रत्येक प्रोसेसरकुलाचा आज्ञासंच भिन्न असतो. त्यामुळे अल्फासाठी सिद्ध केलेली आज्ञावली इटेनियमवर जशीच्या तशी चालत नाही; ती मूळ रूपातून पुन्हा सिद्ध करावी लागते. पुढे इटेनियमचा पुरवठाही २०२१ मध्ये थांबला. सबब, आज्ञावली शक्य तितकी प्रोसेसरनिरपेक्ष ठेवणे, हेच संशोधकाच्या हाती असलेले खरे संरक्षण होय.