घर हीच बालकाची पहिली पाठशाळा

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. दुकानाचे शटर ओढून, दिवसाची रोकड मेळवून वडील घरी येतात. तीन वर्षांचे मूल दाराकडे धावते. सकाळपासून जे घडले ते सारे त्याला सांगायचे असते. वडिलांच्या कानाशी मात्र फोन असतो. कुठे माल अडकलेला असतो, कोणाकडचे येणे थकलेले असते. हातानेच ‘थांब’ अशी खूण होते. मूल क्षणभर थांबते, मग मुकाट्याने आत निघून जाते.

व्यापारी कुटुंबांत हे दृश्य इतके नित्याचे आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘हे सारे कष्ट मुलांसाठीच तर चालले आहेत’, असे वडील म्हणतात आणि ते खोटेही नसते. याच घरात मुलाला कोणत्या शाळेत घालावे यावर महिनोन् महिने खल होतो. परंतु शाळेचा पहिला दिवस उजाडतो तोवर मुलाच्या जडणघडणीतला फार मोठा भाग घरातच पार पडलेला असतो. जन्माच्या वेळी बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असते. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचते. भाषा, विश्वास, भीती, कुतूहल, स्वतःविषयीचा समज या साऱ्यांची पायाभरणी याच काळात होते, आणि ती करणारे हात आई-वडिलांचे व घरातील वडीलधाऱ्यांचे असतात.

पार्श्वभूमी मोठी की आचरण?

‘आम्ही फारसे शिकलेलो नाही, मुलाला आम्ही काय शिकवणार?’ अशी खंत अनेक माता बोलून दाखवतात. शिक्षण अर्धवट सोडून लहान गावातून शहरातल्या सासरी आलेली सून इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील पालकसभेत मागच्या बाकावर बसते. आपल्या उणिवेची छाया मुलावर पडेल, ही धास्ती तिच्या मनात घर करून असते.

या धास्तीला इंग्लंडमधील एका विस्तृत अभ्यासाने उत्तर दिले आहे. १९९७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात सुमारे तीन हजार मुलांची वाटचाल तिसऱ्या वर्षापासून पुढे अनेक वर्षे तपासण्यात आली. घरात मुलाला गोष्टी वाचून दाखवल्या जातात का, गाणी-बडबडगीते म्हटली जातात का, चित्रे काढणे आणि अक्षरे व अंक यांच्याशी खेळणे होते का, ग्रंथालयात नेले जाते का, याची नोंद घेण्यात आली. आई-वडिलांचे शिक्षण व व्यवसाय यांचा परिणाम अर्थातच दिसला. तथापि आई-वडील कोण आहेत यापेक्षा ते मुलासोबत काय करतात, हे मुलाच्या बौद्धिक विकासासाठी अधिक महत्त्वाचे आहे, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

जमैकातील किंग्स्टन शहराचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९८० च्या दशकात तेथील गरीब वस्त्यांमधील, कुपोषणामुळे वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचे चार गट करण्यात आले. त्यांचे वय ९ ते २४ महिने होते. एका गटाला पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटातील घरी दर आठवड्याला आरोग्यसेविका तासभर येई आणि बाळाशी कसे बोलावे, कसे खेळावे, हे आईला दाखवी. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंपासून केलेली असत. तिसऱ्या गटाला आहार व खेळ दोन्ही मिळाले. चौथ्याला काहीच नाही. हा उपक्रम दोन वर्षे चालला. सुमारे वीस वर्षांनी या मुलांचा पुन्हा शोध घेतला गेला, तेव्हा ज्यांच्या माता मुलांशी खेळायला शिकल्या होत्या, त्यांची कमाई इतर दोन गटांतील मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली. केवळ पूरक आहाराचा असा दीर्घकाळ टिकणारा लाभ दिसला नाही. व्यापारी मनाला गुंतवणुकीचा हिशेब चटकन समजतो. आठवड्यातील एका तासाने शिकवलेल्या सवयीवर वीस वर्षांनी मिळालेला हा परतावा आहे.

गरिबीची झळ मुलाला लागत नाही, असा याचा अर्थ नव्हे. जेथे दोन वेळच्या अन्नाची विवंचना आहे, तेथे आईला खेळण्याइतकी उसंत मिळणेही कठीण असते. परंतु ज्या घरांत ही विवंचना नाही, तेथे ‘वेळ मिळत नाही’ ही सबब किती खरी, हे ज्याने त्याने तपासावे.

प्रतिसादाची भूक

बालकाला प्रतिसाद मिळाला नाही तर काय होते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एका साध्या प्रयोगाने दाखवले. आई प्रथम आपल्या तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी हसते, बोलते. मग दोन-तीन मिनिटे ती बाळासमोरच बसते, पण चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. तरीही चेहरा हलत नाही, तेव्हा ते नजर फिरवते, कावरेबावरे होते, काही वेळाने रडू लागते. भ्रमणध्वनीच्या पडद्यात बुडालेला चेहरा बाळाला याहून वेगळा दिसत असेल का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

याच पडद्याचा दुसरा उपयोग घासागणिक होतो. मूल जेवत नाही म्हणून त्याच्यापुढे चित्रफीत लावली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा असावी. त्याहून कमी असल्यास उत्तम. ज्या घरांत अन्नाचा विवेक हा पिढ्यान् पिढ्यांचा संस्कार आहे, तेथे मुलाला आपण काय खातो आहोत याचे भानही राहू नये, ही विसंगती लक्षात घ्यायला हवी.

धाक, लाड आणि मधला मार्ग

कॅलिफोर्निया विद्यापीठातील डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात शाळापूर्व वयाची मुले व त्यांचे पालक यांचे निरीक्षण करून पालकत्वाच्या तीन रीती वर्णन केल्या. काही पालक केवळ आज्ञा देतात आणि प्रश्न खपवून घेत नाहीत. काही सारे हट्ट पुरवतात व कसलीच मर्यादा घालत नाहीत. तिसरे पालक नियम ठामपणे पाळायला लावतात, पण नियमाचे कारण सांगतात, मुलाचे म्हणणे ऐकतात आणि प्रेम हातचे राखत नाहीत. स्वावलंबन व आत्मसंयम हे गुण या तिसऱ्या घरांतील मुलांत अधिक आढळले.

एकत्र कुटुंबात या तिन्ही रीती एकाच छपराखाली नांदताना दिसतात. वडील धाक दाखवतात, आजी पाठीशी घालते आणि आई दोघांच्या मध्ये सापडते. मूल मग नियम शिकत नाही. कोणासमोर काय चालते, एवढेच शिकते. मोठ्यांनी मुलाच्या माघारी आपसांत एकमत केले, तर हा गोंधळ बराच टळतो.

दृष्टिकोनाचे आणखी एक रूप न बोलता उमटते. मुलाच्या हाती तराजू-नाणी आणि मुलीच्या हाती भातुकली दिली जाते. तो पडला तर ‘वाघ आहेस तू’ आणि ती पडली तर ‘जपून चाल’. पाच वर्षांची मुलगी आपल्या आवाक्यात काय आहे याचा अंदाज अशा वाक्यांवरूनच बांधते. पुढे तिने हिशेबात किंवा धंद्यात मागे राहू नये असे वाटत असेल, तर दुकानातली नाणी मोजण्याचा खेळ तिच्याही वाट्याला यायला हवा.

एका वकिलाचे वळण

आई-वडिलांचा दृष्टिकोन बदलू शकतो का? या प्रश्नाचे उत्तर गुजरातच्या मातीतच सापडते. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील होते. १९१३ साली त्यांना पुत्र झाला आणि त्याच्या शिक्षणाची चिंता करता करता ते मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांपर्यंत पोहोचले. शाळेतला मार आणि धाक आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, या इच्छेतून वकिली सुटली आणि १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्तीचे बालमंदिर उभे राहिले. पालकांसाठी त्यांनी पुष्कळ लिहिले. आई-बाप होणे अवघड आहे, अशा अर्थाचे नाव त्यांच्या एका गुजराती पुस्तकाला आहे.

याच बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डी येथे व नंतर कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी बालकांसाठी काम उभारले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि ‘अंगणवाडी’ रुजली. महागडी साधने तेथे नव्हती. पाने, बिया, शंख, खडे यांवर शिक्षण चालले.

घरात आहे तेच पुरेसे

व्यापारी घरांत तर या साधनांची रेलचेल असते. वजने, मापे, कापडाचे तुकडे, धान्याच्या राशी यांतून लहान-मोठे, जड-हलके, कमी-जास्त या कल्पना मूल सहज आत्मसात करते. आजीच्या मांडीवर बसून दोन-तीन वर्षांचे मूल नवकार मंत्र म्हणू लागते. त्याला तो कोणी घोकून घेतलेला नसतो. ऐकत राहणे आणि आपल्या माणसाच्या जवळ असणे, एवढ्यावर ते शिकलेले असते. मातृभाषेतील गोष्टी, म्हणी, ओव्या याच मार्गाने मुलात उतरतात. इंग्रजी शाळेच्या ओढीने घरची भाषाच बंद करणे म्हणजे वाहता झरा बुजवून नळाची वाट पाहणे होय. आईने आपल्या भाषेत भरभरून बोलावे. मुलाला एका भाषेचा भक्कम पाया मिळाला की दुसरी भाषा शिकताना तो उपयोगी पडतो.

वडिलांसाठी सूचना अगदी थोडी आहे. घरात पाऊल टाकताना फोन खिशात ठेवावा आणि पहिली पंधरा मिनिटे मुलाची असावीत. थकलेले येणे पंधरा मिनिटांनी बुडत नाही.

संवत्सरीच्या दिवशी लहान-थोर सारे परस्परांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. नातलग, भागीदार, गिऱ्हाईक, कोणीही सुटत नाही. वर्षभरात ज्या चिमुकल्यावर विनाकारण हात उगारला, ज्याचे बोलणे अर्ध्यावर तोडले, त्याच्यासमोर मात्र क्वचितच कोणी वाकते. एखाद्या वर्षी वडिलांनी खाली बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून हे शब्द उच्चारावेत. क्षमा म्हणजे काय, हे त्या मुलाला पुढे कोणत्याही पाठशाळेत याहून चांगले शिकवता येणार नाही.