हौसेची मोटार आणि रोजचा रस्ता

मोटारी मुळात दोनच प्रकारच्या. एक गरजेची आणि दुसरी हौसेची. गरजेची मोटार चार माणसे, दोन बोचकी आणि एक रडणारे मूल घेऊन ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचते. हौसेच्या मोटारीत दोघांनाच जागा असते. तिचा टप उघडला की ऊन, वारा आणि शेजाऱ्यांच्या नजरा सगळेच आत येते, आणि पुष्कळदा ती वाटेतच रुसून बसते. या दोघींचे काम एकाच गाडीकडून करून घेता येईल काय, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटला तरी ज्याच्या खिशाला तो पडतो त्याला चैनीचा वाटत नाही.

आपले दिवाळी अंक आता समुद्रापारही वाचले जातात. लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर येथे नोकरीला असलेली मराठी मुले-मुली ते हौसेने मागवितात. पगार जरा स्थिरावला की त्यांच्यापैकी एखाद्याचे मन दोन आसनांच्या उघड्या स्पोर्ट्‌स कारकडे धाव घेते. नवी परवडत नाही, जुनी परवडेल असे वाटते. या 'वाटते'मध्येच सगळी गोम आहे. इस्पितळात सकाळी सातची पाळी आहे, बाहेर पाऊस आहे आणि गाडी सुरू होत नाही, अशा वेळी हौसेची किंमत कळते.

अशा गाड्यांचे माहेर इंग्लंडच. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत तयार झालेली 'एमजीबी' हा त्यांतला नामांकित मासला. दिसायला देखणी, चालवायला गमतीची. पण धन्याने रविवार तिच्या सेवेत घालवावा अशी तिची अपेक्षा असे. १९७९ साली बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने जपानच्या 'माझदा' कंपनीतील केनिची यामामोटो यांना सुचविले की, जुन्या इंग्रजी गाड्यांसारखी हलकी, उघडी गाडी तुम्ही काढा. ती कल्पना दहा वर्षे शिजली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात 'एमएक्स-५' लोकांपुढे आली. अमेरिकेत तिचे नाव 'मियाटा'. जुन्या जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ बक्षीस असा होतो. जपानात ती 'युनोस रोडस्टर' म्हणून विकली गेली.

जुनी घेऊन रोज चालवावयाची तर हीच गाडी मी पहिली सुचवीन, आणि त्याचे कारण तिच्या वेगात नाही, साधेपणात आहे. पहिल्या गाड्यांचे १.६ लिटरचे इंजिन माझदाच्या घरगुती मोटारींतल्या इंजिनांच्याच घराण्यातले. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि वजन हजार किलोच्या आत-बाहेर. हलक्या गाडीचे ब्रेक, टायर आणि क्लच कमी झिजतात, हे समजावयास इंजिनियर व्हावे लागत नाही. शिवाय एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. इतक्या गाड्या असल्या की सुटे भाग मिळतात, आणि तिची नाडी ओळखणारा मिस्त्रीही मिळतो.

याउलट १९९६ साली आलेली 'पोर्शे बॉक्स्टर' पाहा. फार गुणी गाडी, आणि जुनी पुष्कळ वेळा आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्तात मिळते. परंतु तिच्या सुरुवातीच्या पिढ्यांत इंजिनाच्या पोटातले एक बेअरिंग फुटण्याचा दोष प्रसिद्ध आहे, आणि ते फुटले तर बहुधा सारे इंजिनच कामातून जाते. हत्ती स्वस्तात मिळाला तरी चारा हत्तीचाच लागतो.

आता एमएक्स-५ मधलीही कोणती घ्यावी? तिच्या चार पिढ्या झाल्या: पहिली १९८९ ते १९९७, दुसरी १९९८ ते २००५, तिसरी २००५ ते २०१५ आणि त्यानंतरची चौथी. पहिलीचे उघडझाप करणारे दिवे पाहून मन विरघळते. पण लंडनकरांनी आधी एक हिशेब करावा. तेथे धुराच्या नियमात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून हा नियम शहराच्या सर्व भागांस लागू झाला. पेट्रोलच्या गाडीला 'युरो ४' ही इयत्ता लागते. २००६ पासूनच्या गाड्या साधारणपणे तीत बसतात. म्हणून रोजच्या कामाला तिसरी पिढी बरी. तिच्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे, हाही एक फायदा. आधीच्या दोन पिढ्यांत हा पट्टा सुमारे साठ हजार मैलांना बदलावा लागतो. तो बदलल्याची पावती मागावी. 'बदललाय हो' या तोंडी उत्तरावर भागवू नये.

पिढी ठरली तरी गाडी ठरत नाही. बाजारात बैल घ्यायला गेलेला शहाणा शेतकरी शिंगांचा रंग पाहत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो आणि चालवून पाहतो. मोटारीचेही तसेच.

मोटारीचे दात म्हणजे तिची कागदपत्रे. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी 'एमओटी' नावाची सरकारी तपासणी होते. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील २००५ पासूनचे निकाल नंबरावरून कोणालाही फुकट पाहता येतात. दर वर्षी गाडी किती मैल चालली होती, काय नापास झाले, कशाबद्दल ताकीद मिळाली, सारे तेथे लिहिलेले असते. मैलांचा आकडा मध्येच कमी झाला असेल तर तेथूनच नमस्कार करावा. 'गंज' हा शब्द तीन वर्षे ओळीने आला आणि मालकाने काही केले नाही, तर गाडीपेक्षा मालकाबद्दल अधिक कळते. जपानातून जुन्या आणलेल्या 'युनोस' गाड्यांचा हा इतिहास मात्र त्या ब्रिटनमध्ये आल्यापासूनच सुरू होतो, आणि त्यांचा आकडा मैलांचा की किलोमीटरचा हे नीट विचारून घ्यावे लागते.

खूर म्हणजे गाडीचा तळ. या गाडीचा खरा वैरी इंजिनातला नाही, पत्र्यातला आहे. विलायतेत थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मीठ-पाणी पत्रा खाते. त्यातून या गाडीची एक खोड अशी की, टपावरचे पाणी वाहून जाण्यासाठी आसनांच्या मागे जी भोके असतात ती पाल्यापाचोळ्याने बुजतात. मग पाणी आत मुरते आणि दाराखालचा पत्रा मागच्या चाकाच्या पुढच्या बाजूस कुजतो. दुसऱ्या पिढीत पुढच्या बाजूच्या चॅसिसच्या पट्ट्याही कुजतात. म्हणून गाडी वर उचलून घेऊन खालून पाहावी. दाराखाली लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला नाही तर आत पुट्टी भरली आहे असे समजावे. पायाखालचा गालिचा ओला आहे काय, हे हाताने चाचपावे. तळाला नुकताच काळा कुळकुळीत रंग फासला असेल तर आनंद मानू नये. तो कशावर फासला आहे, हे विचारावे.

राहिले चालवून पाहणे. मालकाला आधीच सांगावे की गाडी गरम करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करावी. थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते खरे बोलते. दुसऱ्या गिअरला खरखर होते काय, क्लचचा पेडल खाली जाऊन लुळा पडतो काय, हात सैल सोडला तर गाडी एका बाजूला ओढते काय, इतके साधा माणूसही पाहू शकतो. बाकीचे ओळखीच्या मिस्त्रीला पाहू द्यावे. त्याची फी ही त्या दिवसाची सर्वांत स्वस्त खरेदी असते.

पैशाचेही एक पथ्य आहे. ज्याच्याजवळ सहा हजार पौंड असतील त्याने साडेचार हजारांची गाडी पाहावी. उरलेले दीड हजार पहिल्या वर्षी टायर, ब्रेक, बॅटरी आणि जे अजून दिसले नाही त्यासाठी ठेवावेत. विम्याचा आकडा गाडी घेण्यापूर्वी विचारावा. तरुण चालकाला स्पोर्ट्‌स कारचा विमा कधी कधी गाडीहून जड जातो.

शेवटी एक गोष्ट, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. जाहिरातीत 'फार कमी चाललेली, सदैव गॅरेजात' असे लिहिले की आपल्याला ते वरदान वाटते. पण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर सुकते, ब्रेक गंजतात, पेट्रोल शिळे होते. तिला रोज रस्त्यावर काढले की महिनाभरात एकेक दुखणे वर येऊ लागते. त्यापेक्षा लाख मैल चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली, पावत्यांची जाड फाईल असलेली आणि जिचा मालक परवाच तिच्यातून कामावर जाऊन आला अशी गाडी शंभर पटींनी बरी. तिच्या अंगावर चार ओरखडे असतील, आसन थोडे विरले असेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. रोज चालवावयाची गाडी रोज चाललेलीच असावी. तसा मालक आणि तशी गाडी भेटली तर हौस आणि गरज या दोघी एकाच छपराखाली नांदू शकतात. मग ते छप्पर कापडाचे का असेना!